धाकटीची रिंग

आमचा फोन हॉलमध्ये, दाराशेजारी, आणि आई आतल्या खोलीत. मध्ये तिचे गुडघे. फोन वाजला की ती पलंगावरूनच "आले, आले" असं फोनला सांगत उठायची आणि हॉलच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत तो बंद व्हायचा. मग तिथेच भिंतीला धरून उभी राहायची आणि कोण असेल याचा विचार करत परत जायची. हे बघून बघून मला राग यायला लागला. आईचा नाही, फोनचा.

मोबाईल का देत नाहीस, असं मला सगळ्यांनी विचारून झालंय. तिच्याकडे मोबाईल आहे. तो कपाटात साड्यांखाली असतो, बंद करून, खराब होऊ नये म्हणून. काचेवर बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं आणि मग ती त्याच्याकडे परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखी बघत बसते. तिला फोन म्हणजे घरचा फोन. दहिसरची आमची चाळ पाडून त्या जागी हा टॉवर झाला तेव्हा मी घरचा फोन बंद करणार होते. तिने जेवण सोडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. तेव्हा नंबर राहिला. फक्त आता तो इंटरनेटच्या पेटीतून येतो आणि पेटी दाराशेजारी. वायर आत नेता येईना, म्हणून मी कॉर्डलेस आणला.

एका रविवारी सकाळी तो लावायला बसले. आई समोर खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, मी काही ऑपरेशन करतेय अशी. हँडसेटमध्ये बॅटऱ्या घातल्या, बेस पेटीला जोडला, हँडसेट त्यावर ठेवला. आधी पूर्ण चार्ज होऊ द्या, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते मुंगीएवढ्या अक्षरात होतं आणि जगातल्या बऱ्याच भाषांत होतं, मराठी सोडून. संध्याकाळी तारीख घातली, वेळ घातली, आवाज सगळ्यात मोठा केला. वाजायच्या धुना ऐकवल्या तर आईने एकेकीला नाक मुरडलं. शेवटी जुन्या फोनसारखी साधी ट्रिंग ट्रिंग सापडली तेव्हा म्हणाली, "ही. बाकीच्या काय, आइस्क्रीमच्या गाडीच्या आहेत."

तेव्हापासून दिवसभर हँडसेट तिच्या उशाशी. निजायच्या वेळी मी तो बेसवर ठेवायचा. "झोपवलंस का त्याला?" असं ती विचारायची. फोन छान चालत होता. परदेशातल्या भावाचा फोन आला, गॅसवाल्याचा आला, कर्ज घ्या म्हणणाऱ्या एका मुलीशी बोलता बोलता तर आई तिच्या गावापर्यंत जाऊन आली. मी स्वतःवर खूश होते.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. मावशी आईची धाकटी बहीण, राहते घाटकोपरला. दोघी गिरणगावातल्या एका खोलीत वाढल्या, एका चटईवर झोपल्या, आणि लग्नं होऊन मुंबईच्या दोन टोकांना गेल्या. नकाशावर हे अंतर काही फार नाही. पण दहिसर ते घाटकोपर म्हणजे एक लाईन सोडून दुसरी धरायची, मध्ये बस नाहीतर रिक्षा, आणि पोचेपर्यंत माणसाचा चोथा. नवरे होते, मुलं लहान होती, सासवा होत्या, तेव्हा जमलं नाही. ते सगळं सरलं तेव्हा गुडघे गेले.

त्यामुळे दोघींमध्ये रिंग होती. फोनला पैसे पडायचे त्या काळातली ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांनीच वापरलीय, पोचल्यावर एक रिंग दे आणि कट कर. या दोघींनी ती रोजची करून टाकली. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मावशी एक रिंग द्यायची आणि ठेवायची. म्हणजे, मी आहे. मग आई एक रिंग द्यायची. म्हणजे, मी पण आहे. झालं. कुणी उचलायचं नाही. धाकटीने आधी द्यायची आणि थोरलीने उत्तर द्यायचं, हाही नियम. फोन करणं फुकट झाल्यावरही यात बदल झाला नाही. मी एकदा म्हटलं, आता बोलत जा की पोटभर, तर आई म्हणाली, "बोलायला काय असतं रोज? असणं कळलं की झालं."

आणि आणखी एक नियम होता. रिंग एकीच्या पुढे गेली, वाजतच राहिली, की वाईट बातमी. आजोबा गेले तेव्हा फोन असा वाजत राहिला होता, माझे बाबा गेले तेव्हाही आईने मावशीकडे असाच वाजत ठेवला. म्हणून साध्या कामासाठी या दोघी एकमेकींना कधी पूर्ण फोन करत नसत. समोरचीच्या काळजाचं पाणी होईल म्हणून.

कॉर्डलेस आल्यानंतर आई हळूहळू गप्प होत गेली. माझ्या लगेच लक्षात आलं नाही, कारण दिवेलागणीला मी मरोळच्या ऑफिसातून निघालेलीसुद्धा नसते. घरी आले की ती हँडसेट मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. मधूनच विचारायची, "बॅटरी आहे ना गं त्यात?" मी म्हणायचे, "फुल्ल आहे, आई." मान हलवायची. चहा गार करून प्यायची. मालिका लावली तर बघायची नाही आणि बंद केली तर का बंद केलीस म्हणायची. मी वैतागून एकदा विचारलं, तुला नक्की झालंय काय?

तर म्हणाली, "बारशाला गेले नाही ना मी. धरून बसलीय ती."

मावशीच्या नातवाच्या मुलाचं बारसं होतं. आईला जायचं होतं, साडी काढून ठेवली होती, आणि त्याच सकाळी गुडघा असा सुजला की पाय टेकवेना. तसा निरोप मी कळवला होता. मावशीने "असू दे गं" म्हटलं होतं. पण नंतर रिंग आली नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग नाहीच. इतरांचे फोन तर येत होते, म्हणजे फोन ठीक होता. म्हणजे मावशीच देत नव्हती. आईचा हिशेब सरळ होता.

"मी लावते फोन, विचारते," मी म्हटलं.

"खबरदार," आई म्हणाली. "तिला वाटेल मीच करायला लावला. तू मध्ये पडू नकोस."

"मग तू दे ना एक रिंग."

"आधी मी का द्यायची? धाकटी कोण आहे?"

ऐंशीच्या घरातल्या बाईचं हे बोलणं. मला हसूही येत होतं आणि डोकंही फिरत होतं. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. माझा भाऊ मला रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतो. तेच चित्र तो आणखी शंभर जणांना पाठवतो. एखाद्या दिवशी आलं नाही तर मला कळतसुद्धा नाही. दिवा लागल्यावर जिच्यासाठी कान टवकारून बसावं असं मला कुणी नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर मावशी. एकटी. हातात पिशवी, कपाळावर घाम, पदर खोचलेला. घाटकोपरहून मेट्रो, मग उतरून दुसरी मेट्रो, असं विचारत विचारत आली होती, आणि सरकत्या जिन्याची भीती वाटते म्हणून सगळीकडे पायऱ्या चढून आली होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. चपला कशाबशा काढून थेट आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आसंस मां गो बाय?" आहेस ना, एवढंच.

आई उठायला लागली, उठवेना. "आसंय गो. खंय जातलंय मी?"

मग मावशी भडकली. या दोघी चिडल्या की मालवणीत शिरतात. "मगे उलटी रिंग कित्याक दिलंस नाय?"

"तू दिलंस तर मी देतलंय!"

"रोज देतंय मी! दिवो लावलो की पयली रिंग तुका!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी हॉलमध्ये गेले, माझ्या मोबाईलवरून घरचा नंबर लावला. माझ्या कानात एक रिंग वाजली. आईच्या उशाशी हँडसेट गप्प. कट केलं, पुन्हा लावलं आणि या वेळी थांबले. माझ्या कानात दुसरी रिंग सुरू झाली तेव्हा कुठे तो तिकडे पहिल्यांदा वाजला. माहितीपत्रक काढून चष्मा लावून शोधलं. होतं एका ओळीत. कोणाचा नंबर आहे ते ओळखता यावं म्हणून हा फोन पहिली रिंग आतल्या आत ठेवतो, दुसरीपासून वाजतो. हे चालू-बंद करता येतं. कारखान्यातून येतो तो पहिली रिंग गप्प ठेवूनच. ज्याने कुणी हा फोन बनवला, त्याला काय माहीत की एका रिंगवर दोन बायका जगतायत.

मी समजावून सांगितलं. मावशीने हँडसेट हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "मेल्यान माझी रिंग खाल्ल्यान!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. तो हात मग बराच वेळ तिथेच होता.

त्या दुपारी दोघी पलंगावर शेजारी शेजारी आडव्या झाल्या. मी स्वयंपाकघरात होते. बोलायला काय असतं रोज, म्हणणारी माझी आई थांबायलाच तयार नव्हती. कोणाच्या लग्नातली कुठली कढी, कोणाची म्हैस, आईने लपवलेलं बाबांचं आजारपण, मावशीने लपवलेली पडल्याची गोष्ट. रोज मी आहे, मी आहे, असं एकमेकींना कळवत दोघींनी किती काय कळवलं नव्हतं. ऊन उतरल्यावर मी मावशीला टॅक्सीत बसवून आले. आई दारापर्यंत आली होती, गुडघे विसरून.

परत आल्यावर मी हँडसेट घेतला. "थांब, ती पहिली रिंग चालू करते. पोचल्याची देईल ना ती."

आईने हँडसेट माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे."

"अगं, एक बटण दाबायचंय."

"रिंग येत होती तेवढी वर्षं आली होती का ती इथे?" आई म्हणाली. "राहू दे बिघडलेलाच."

तसाच ठेवला. आता मावशी रिंग वाजत ठेवते. आई दचकते, उचलते, मग दोघी बोलतात, पण बोलताना प्रत्येक वेळी मावशी विचारते, "गो, फोन दुरुस्त झालो?" आणि आई त्याच फोनवरून, खणखणीत आवाजात, तिला सांगते, "नाय गो. तसोच आसा. तू येऊन बघ एकदा." मावशीला हे खोटं कळत नसेल असं नाही. ती म्हणते, येतंय, जरा पाय हलका होऊ दे. मध्यंतरी तिने एक गुरुवारही सांगितला.

त्या गुरुवारी मी रजा घेतली. आईने सकाळीच वेणी घातली, मला खोबऱ्याचं वाटप वाटायला लावलं, सोलकढी करून ठेवायला लावली. दुपार झाली, मी दोनदा खाली जाऊन आले. दिवे लागले तेव्हा मी म्हटलं, आई, आता नाही येणार गं ती. तू जेवून घे. आणि कळवायचं तरी, मी चिडून म्हटलं, एवढं माणूस वाट बघतं.

हँडसेट आईच्या मांडीवर होता. ती त्याच्यावरून हात फिरवत शांतपणे म्हणाली, "कळवणार कशी गं ती? आपला फोन बिघडलाय ना."