बुट्टीचं वजन आणि एकशे सदतीस वर्षं

उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं खरेदी विभागात आहे. आम्ही वजनकाट्यांचे डिजिटल डबे बनवतो. काट्याच्या शेजारी लाल आकडे दाखवणारा जो डबा असतो, तो. किराणा दुकानं, दूध डेअऱ्या आणि निपाणीकडचे बिडीचे कारखाने हे आमचे ग्राहक. विभाग म्हणजे मी एकटाच. एक टेबल, एक कपाट आणि भिंतीवर कॅलेंडर.

माझ्या खरेदीच्या यादीत सर्वांत लहान वस्तू होती ती आठवण ठेवणारी चिप. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. साध्या मेमरीत लाईट गेली की सगळं पुसलं जातं. या चिपमध्ये लिहिलेला आकडा लाईट गेली तरी राहतो, आणि तिच्यावर कितीही वेळा लिहिलं तरी ती झिजत नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून तीन-चार वेळा डोळा मारून जाते, त्यामुळे या चिपशिवाय काटा विकणं अवघडच होतं. मी एका वेळी पन्नास मागवायचो. बेंगळूरूहून चार दिवसांत कुरिअरनं पाकीट यायचं.

मग दिवस लांबायला लागले. चारचे वीस झाले, नंतर सहा आठवडे, नंतर बत्तीस. पुरवठादाराला मी फोन केला. तो बरा माणूस, इतक्या वर्षांची ओळख.

"सर, आता ही चिप सगळ्यांनाच पाहिजे," तो म्हणाला. "विजेचे मीटर, गाड्या, दवाखान्यातली यंत्रं. ज्याला त्याला लाईट गेल्यावर आठवण पाहिजे. बाजार वाढतोय म्हणून कंपनी खूश आहे. तुम्ही पन्नास मागताय. चार हजारांचं रीळ घेता?"

"चार हजार काटे बनवायला मला अजून एक जन्म लागेल."

"मग रांगेत थांबा सर. नाव लिहून ठेवतो."

आमचे मालक वयानं माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली मी कामाला लागलो, म्हणून ते मला अण्णा म्हणतात. ते स्वतः इंजिनियर आहेत. त्यांनी तोडगा काढला. काट्याच्या मुख्य चिपमध्येच थोडी कायमची मेमरी असते. ती वापरायची, वेगळी चिप लावायचीच नाही. फक्त एक अट होती. त्या मेमरीच्या एका जागेवर एक लाख वेळा लिहिता येतं. त्यापुढे ती जागा नवा आकडा धरेल याची हमी कंपनी देत नाही. जुनाच आकडा तिथं बसून राहू शकतो.

"अण्णा, तुमचा आकडा पक्का असतो," मालक म्हणाले. "एक लाख किती दिवस पुरेल, तेवढं काढून द्या."

काट्यात सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा आकडा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन. भांडं ठेवायचं, बटण दाबून शून्य करायचं, मग माल घालायचा. मी डेअऱ्यांना आणि दुकानांना विचारलं. डेअरीत सकाळी एकदा कॅन ठेवून शून्य करतात, संध्याकाळी एकदा. दिवसाला दोन. एक लाख भागिले दोन म्हणजे पन्नास हजार दिवस, म्हणजे एकशे सदतीस वर्षं. कागदावर तो आकडा लिहिताना मला हसू आलं. खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद फायलीत लागला. बिडीच्या कारखान्यांना मी विचारलं नाही. काटा तो काटा, असं मी धरलं.

नव्या पद्धतीचे बासष्ट काटे बाहेर गेले. त्यातले एकोणीस निपाणी आणि आसपासच्या गावांत बिडीला गेले.

माझी थोरली बहीण निपाणीत दिलेली आहे. आक्का चाळीस वर्षं बिड्या वळते. कारखान्यातून पानं आणि तंबाखू वजनावर आणायचं, घरी वळायचं, हजाराच्या हिशोबानं बिड्या परत नेऊन द्यायच्या. पान कमी पडलं तर हजाराची भरती बाईनं स्वतःच्या पदरचं पान घालून करायची. गेल्या पावसाळ्यानंतर तिचे गुडघे फार दुखायला लागले. एका शनिवारी सुट्टी होती म्हणून मी खासबागेतल्या माझ्या घरून निघून तिच्याकडे गेलो आणि तिची पानांची टोपली, म्हणजे बुट्टी, उचलून तिच्याबरोबर कारखान्यात गेलो.

बायकांची रांग होती. समोर टेबलावर आमचा काटा. माझ्या हातून गेलेल्या वस्तूंनी बनलेला. बघून बरं वाटलं. पहिल्या बाईनं बुट्टी ठेवली, दिवाणजीनं बटण दाबलं, शून्य आलं, पानं घातली. मग तिनं तंबाखूचा डबा ठेवला, परत बटण, परत शून्य. दुसरी बाई आली. तिची बुट्टी, बटण. तिचा डबा, बटण.

"आक्का, प्रत्येकीची बुट्टी वेगळी शून्य करतात?"

"मग काय तर. हिची बुट्टी नवी, माझी ठिगळाची. पावसात भिजली की आनी जड."

"एकच बुट्टी ठेवून सगळ्यांना त्यातनं का देत नाहीत?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "लई शाना हाईस. पूर्वी दिवाणजी बुट्टीचं म्हणून सरसकट अर्धा किलो कापायचा. बुट्टी हलकी असली तरी अर्धा किलो. बायकांनी भांडून भांडून हे आणलंय. जिची तिची बुट्टी, जिचं तिचं शून्य."

मागची बाई म्हणाली, "भाऊ कचेरीतला हाय जनू. त्यास्नी बुट्टी कुठनं ठावं."

बायका हसल्या. मी रांगेत उभा राहून मोजायला लागलो होतो. या कारखान्यात एकशे दहा बायका. प्रत्येकीची दोन शून्यं. दिवसाला दोनशे वीस. महिन्याला सव्वीस दिवस. काटा बसून पंधरा महिने झालेले. पंच्याऐंशी हजार आठशे. लाखाला उरले चौदा हजार दोनशे, म्हणजे जेमतेम अडीच महिने. आणि हा लहान कारखाना. मोठ्या कारखान्यांतले काटे लाखाच्या पुढं कधीच गेले होते.

तेवढ्यात लाईट गेली आणि लगेच आली. बुट्टीत पानं निम्मी भरलेली होती. काटा परत सुरू झाला, त्यानं आठवलेलं बुट्टीचं वजन वजा केलं आणि आकडा दाखवला. दिवाणजीनं उरलेली पानं घातली. तेव्हा तरी आकडा बरोबर होता. पण ती जागा झिजल्यावर लाईट जाऊन आली, की काट्याला या बाईची बुट्टी आठवणार नव्हती, कधी काळी येऊन गेलेल्या दुसऱ्याच बाईची आठवणार होती. ती बुट्टी दीडशे ग्रॅम हलकी असली, तर हिला दीडशे ग्रॅम पान कमी मिळणार. काटा बंद पडणार नव्हता. आकडाही विचित्र दिसणार नव्हता. कुणाला कळण्याचा मार्गच नव्हता.

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं आणि नवा कागद पुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"एकशे सदतीस वर्षांचं दीड वर्ष झालं की हो अण्णा."

"चूक माझी आहे. मी बिडीवाल्यांना विचारलं नाही."

"मीही विचारलं नाही. पण आता चिप कुठून आणू? बत्तीस आठवडे." त्यांनी कागद बाजूला सारला. "तसं बघा, चूक दोन्ही बाजूंनी होणार. कुणाला दीडशे ग्रॅम कमी, कुणाला दीडशे जास्त. सरासरी शून्य."

हिशोबानं ते बरोबर होतं. काटे परत आणायचे म्हणजे पैसे परत द्यायचे, आणि मग कारखाना एक महिना बंद, सतरा माणसं घरी. तेही खरं होतं. बोर्डावर जुन्या चिपची जागा अजून रिकामी ठेवलेली होती, चिप मिळाली की डाग देऊन लावता येत होती. कपाटात शोधल्यावर नऊ चिपा सापडल्या.

एकोणीस काटे, नऊ चिपा. मी यादी केली. बायकांची संख्या गुणिले दोन, गुणिले दिवस, ज्याचा आकडा मोठा तो वर. आक्काचा कारखाना बारावा आला. खोटं कशाला सांगू, मी ती यादी परत एकदा केली, सुट्ट्या वजा करून. तरी बारावाच. पहिल्या नऊ ठिकाणी चिपा लागल्या. नवी मागणी मी त्याच दिवशी नोंदवली. उरलेल्या दहा ठिकाणांसाठी मालकांनी एक सूचना छापायला सांगितली, मराठीत आणि कन्नडमध्ये: लाईट जाऊन आल्यावर माल काढून भांडे ठेवून पुन्हा शून्य करावे. मी मसुद्यात एक ओळ कारणाची घातली होती. ती त्यांनी खोडली.

"कारण वाचून काटाच परत पाठवतील, अण्णा."

आक्काच्या कारखान्यातली सूचना मी स्वतः नेऊन चिकटवली. दिवाणजीनं वाचली न वाचली. संध्याकाळी आक्काच्या घरी मी तिला सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. ती सूप मांडीवर घेऊन वळत होती. हात थांबले नाहीत.

"आनी मालक काय म्हनतो?"

"सरासरी शून्य म्हणतात."

"जिची बुट्टी जड, तिनं काय सरासरी खायची?"

मी म्हणालो, "मी उद्या दिवाणजीला खरं सांगतो. नोकरीचं बघू काय होईल ते."

"काय बी सांगू नको," ती म्हणाली. "तो काटा उचलून ठेवंल आनी जुना तराजू काढंल. मग परत अर्धा किलो कापायचं सुरू. तुझी नोकरी जाईल ती जाईल, आमची बुट्टी बी जाईल."

"मग करायचं काय?"

"बायकास्नी मी सांगतो. लाईट गेली की बुट्टी खाली करायची, परत शून्य घ्यायचं. त्याला का म्हून सांगायचं न्हाय."

तेव्हापासून तसं चाललं आहे. लाईट गेली की काट्यापुढची बाई पानं खाली ओतते, बुट्टी पुन्हा ठेवते आणि शून्य करायला लावते. दिवाणजी वैतागतो. रांग खोळंबते. हे कुणी शिकवलं ते त्याला ठाऊक झालं आहे. म्हातारीला या वयात खोड लागली, असं तो सगळ्यांसमोर म्हणतो. दोनदा त्यानं तिच्या बिड्यांतून जास्त छाट काढली, चांगल्या बिड्या वाईट म्हणून बाजूला टाकल्या. ती मला हे सांगत नव्हती. भाचीनं फोनवर सांगितलं.

मी मालकांकडे जाऊन फायलीतला जुना कागद मागितला. एकशे सदतीसवर आडवी रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला, का चुकलं ते दोन ओळींत लिहिलं आणि सही केली. त्यांनी अडवलं नाही. फाईल परत कपाटात गेली. ती कोण उघडणार आहे?

दर सोमवारी मी बेंगळूरूला फोन करतो. पुरवठादार आता माझा आवाज ऐकताच आठवडे सांगतो. या सोमवारी एकवीस म्हणाला, आणि पुढं म्हणाला की मागणी अशीच वाढत राहिली तर नक्की सांगता येत नाही. मी कॅलेंडरवर एकवीस लिहिलं. मग आक्काला फोन लावला. गुडघे कसे आहेत विचारलं. ती म्हणाली, बरे हाईत. आज किती वेळा लाईट गेली विचारलं.

"चारदा," ती म्हणाली. "चार येळा शिव्या खाल्ल्या. ठेव आता फोन, पानं वाळायल्यात."