मास्तरांना कळायचं नाही

मास्तर टोपी मागे सारायचे, कपाळ खाजवायचे आणि म्हणायचे, “मला न्हाई कळालं. परत सांग की.”

पोराने चूक सांगितलं तरी हेच, बरोबर सांगितलं तरी हेच. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, सरकारने आपल्याला बहिरा मास्तर पाठवला. माझ्या आईला तर खात्रीच होती. मास्तर आम्हालाच विचारतात असं मी घरी सांगितलं, तेव्हा ती लोकर पिंजता पिंजता म्हणाली, “ज्याला पोरींना इचारावं लागतंय त्यो काय शिकवणार? बस हितं, सूत काढ.”

आम्ही धनगर. खटकचिंचोळीच्या अलीकडे आमचं गाव. तेव्हा राज्य निजामाचं होतं. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाजवळ एक खोली आणि पुढे ओसरी. मास्तरांच्या आधी जो मास्तर होता त्याच्याकडे निरगुडीची छडी होती आणि तेवढंच होतं. हे आले ते छडी न घेता आले. गावाने त्यावरूनही त्यांना कमीच धरलं.

दिसायलाही काही नव्हते. वाळकी अंगकाठी, उन्हाळा-हिवाळा तीच एक शेरवानी, तिचं वरचं बटण तुटलेलं. मुसलमान माणूस, बायको-पोरं उदगीरला, आणि हे इथे दर्ग्याशेजारच्या खोलीत एकटे. भाकरी स्वतः भाजायचे आणि करपवायचे. गळा असा, की कविता म्हणायला लागले की आम्ही मान खाली घालून ओठ चावायचो. कुत्र्याला तर इतके भ्यायचे की आमच्या घरी यायचं झालं तर बाभळीपाशी उभं राहून ओरडायचे, “अहो, कुत्रं बांधा!”

“मास्तर, कुत्रं मागच्या सालीच मेलंय की,” बाप आतून सांगायचा.

“मग दुसरं आणलं नसंल कशावरून?”

असा माणूस तुमच्याही गावात एखादा असेल. लोक त्याला हसतात आणि त्यालाही ते माहीत असतं.

आता त्यांच्या ‘न्हाई कळालं’चं सांगते. मला वजाबाकी यायची नाही. मी पाटीवर काहीतरी उत्तर लिहिलं. चूक आहे असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “हे मेंढरांवर सांग मला. तुझ्या कळपात किती, बाजारात किती इकली?” मी सांगायला लागले आणि मधेच गप्प झाले. होती त्यापेक्षा जास्त मेंढरं मी विकून बसले होते.

“कामून थांबलीस?”

“चुकलं मास्तर.”

“आता कळालं बघ मला,” ते म्हणाले आणि पुढच्या पोराकडे गेले. तेवढंच. शाबासकी वगैरे द्यायची त्यांना सवय नव्हती.

शाळेची पुस्तकं उर्दूत होती आणि शिकवायचंही उर्दूतच, असा हुकूम होता. मास्तर आधी मराठीत सांगायचे, कानडी घरातल्या पोरांना कानडीत. “घरच्या बोलीत कळू द्या आधी,” म्हणायचे, “उर्दूची काळजी मला हाय.” आणि खरंच, ती आम्हाला येतही होती.

आमच्यात एकच मुलगी बाहेर बसायची. काशी. महारवाड्यातली. मदरसा, म्हणजे सरकारी शाळा, सगळ्यांना उघडा असं सरकारचं म्हणणं होतं, म्हणून तिचा बाप तिला आणून सोडायचा. पण ती ओसरीच्या कडेला दगडावर बसायची आणि तिची पाटी आधीचा मास्तर काठीने पुढे ढकलायचा. आत पाटलाची पोरं जाजमावर, बाकीची आपापल्या घरून आणलेल्या पोत्यावर. ज्याचं पोतं त्याचं. दुसऱ्याच्या पोत्याला पाय लागला तर मारामारी.

हे मास्तर आले तेव्हा काशीशी बोलायला सारखे दारापर्यंत यायचे. आत एक वाक्य, बाहेर एक वाक्य. पावसाचं ओसरीत पाणी यायचं. काशी पाटी पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी राहायची आणि तशीच धडा म्हणायची. मास्तर दारात उभे राहून ऐकायचे, तर त्यांची अर्धी शेरवानी भिजायची. असं किती दिवस चालणार?

एक दिवस ते पाटील आप्पांकडे गेले. आप्पा गावचे मोठे, देवळाचा कारभारही त्यांच्याचकडे. स्वभावाने वाईट नव्हते, पण सगळं आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं. बैठकीत चार माणसं होती आणि मी बापाबरोबर घोंगडी द्यायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलं.

मास्तरांनी टोपी मागे सारली. “आप्पा, मी मुसलमान माणूस. तुमच्यातलं मला कळत न्हाई. हे इटाळाचं जरा समजावून सांगा.”

आप्पा खूश झाले. लोडाला टेकून सांगायला लागले. पाणी बाटतं, शिजलेलं बाटतं, सुताचं कापड बाटतं.

“आन जाजम?”

“सुताचं हाय. बाटतंय.”

“पोतं?”

“बाटतंय की.”

“मग न बाटणारं काहीच न्हाई म्हणा तुमच्यात.”

“न्हाई कसं?” आप्पा उठून बसले. “रेशीम बाटत न्हाई. लोकर बाटत न्हाई. आमची म्हातारी सोवळ्यात धाबळीच नेसती की.”

“न्हाई कळालं. लोकरीवर कुणीबी बसलं तरी?”

“कुणीबी बसू द्या हो! लोकरीला इटाळ न्हाई. किती डाव सांगू?”

“मग एका घोंगड्यावर दोघं बसले तर?”

“दोघं बसू द्या न्हाईतर गाव बसू द्या,” आप्पा म्हणाले.

“आता कळालं,” मास्तर म्हणाले आणि माझ्या बापाकडे वळले. “भिंतीपासून भिंतीपर्यंत एक पट्टी इणून देशील का रे, अण्णा?”

बैठकीत कुणीतरी फस्सकन हसलं. काय झालं ते आप्पांना जरा उशिरा समजलं, पण चार माणसांत बोलून बसले होते.

बापाने मागावर लांबच लांब पट्टी विणली. आईने चिंचोक्याची खळ शिजवली, ती लावून मी आणि थोरल्या भावाने ताणा सरळ केला. तशी पट्टी बापाने परत कधी विणली नाही. ती शाळेत अंथरली आणि मास्तर दारात येऊन म्हणाले, “काशी, चल आत.”

काशी उठली नाही. मास्तर ओसरीवर तिच्यासमोर उकिडवे बसले. “मला एकट्याला आतबाहेर करून दम लागायलाय गं माय. तू एकदाच आत ये, म्हंजे माझं काम मिटलं.”

ती आली आणि माझ्या शेजारी बसली. घोंगडं नवं होतं, टोचायचं. आठवडाभर सगळी शाळा खाजवत होती, पाटलाची पोरंसुद्धा. त्यांचं जाजम घरी गेलं होतं.

आप्पांना घोंगड्यावर काही बोलता येईना. मग त्यांनी दुसरीकडून धरलं. मास्तर हुकूम मोडून मराठीत शिकवतो, अशी वर तक्रार केली. थोड्या दिवसांनी बिदरहून शिक्षणखात्याचे साहेब टांग्यातून आले. आप्पा त्यांच्याबरोबरच.

साहेबांनी उर्दूत विचारलं, आम्ही उर्दूत सांगितलं. पाटलाचा धाकटा अडखळला, बाकी कुणी नाही. तक्रारीत काही उरलं नाही. साहेब उठायला लागले. तेवढ्यात आप्पा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. साहेबांनी काशीकडे बघितलं.

“मास्टर, ये लड़की बाहर नहीं बैठ सकती?”

मास्तरांनी टोपी मागे सारली. “हुजूर, मैं समझा नहीं.”

“मदरसा सबके लिए खुला है, ठीक है. कहाँ बिठाना है, ये कानून में नहीं लिखा. बरामदे में बिठा दो.”

“बरामदा मदरसे के अंदर है या बाहर, हुजूर?”

“अंदर ही समझो.”

“तो फिर आपकी कुर्सी वहीं लगा दूँ? हवा भी अच्छी है.”

मी हसले. एकटीच हसले आणि मग बापरे म्हणून तोंड दाबलं. साहेबांचा चेहरा तांबडा झाला. ते म्हणाले, नीट समजून घे, नोकरी करायची आहे ना? मास्तरांचा हात टोपीकडे गेला. कुत्र्याला भिणारा माणूस, साहेबाला भिणार नाही का? पण बोलले तेच.

“नहीं समझा, हुजूर. एक बार फिर समझाइए.”

साहेबांनी समजावलं नाही. टांगा गेला. नंतर हुकूम आला, मास्तरांची हुलसूरकडच्या एका खेड्यात बदली.

जायच्या दिवशी त्यांची पत्र्याची पेटी आमच्या गाडीत घातली. मास्तर गाडीत बसेनात. बैलांचाही भरवसा नाही म्हणाले. गाडीमागून चालत निघाले. वेशीबाहेर काशीचा बाप उभा होता, जरा लांब. तो म्हणाला, “मास्तर, तिकडच्या शाळंत पोरगी आत बसंल का?”

“तिथल्या शाळंला ओसरीच न्हाई म्हणं,” मास्तर म्हणाले. “बसवायचं तर आतच बसवावं लागंल.”

काशीची मावशी त्याच खेड्यात दिली होती. पुढच्या बाजारी काशी बापाच्या मागे मावशीकडे गेली. आमच्याकडे नवा मास्तर आला, छडी आली, घोंगडं गुंडाळून आढ्याला टांगलं आणि पोती परत आली. मी चौथीपर्यंत शिकले, ती त्याच्याकडेच. तो ‘न्हाई कळालं’ म्हणायचा नाही. त्याला सगळं कळत होतं.

माझं लग्न झालं ते योगायोगाने मास्तरांच्याच त्या खेड्यात. विहिरीवर गेले तर शाळेतून तोच बेसूर गळा. आत डोकावले. काशी लहान पोरांना अक्षरं गिरवायला लावत होती आणि मास्तर पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले होते. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाले, “ये ये. ही काय शिकवायलीय, मला कळंना झालंय.” काशी पदर तोंडाला लावून हसली. तिची चौथी कधीच झाली होती, पुढे शाळा नव्हती. मास्तरांनी तिला घरी जा म्हटलं नव्हतं. मोठ्या पोरांचं ते बघायचे, लहान्यांचं ती. गावात कुरकुर होती. मास्तर प्रत्येकाला समजावून सांगायला लावायचे, आणि समजावता समजावता माणूस कंटाळून घरी जायचा.

मग ते साल आलं. आधी निजामाच्या बाजूचे बंदुका घेऊन फिरले. मग मिल्ट्री आली, निजामाचं राज्य गेलं आणि दुसरीकडचे कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांच्या मागे फिरले. मी दोन्ही बघितलं. दोन्हीकडच्या लोकांना त्यांचं कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मास्तर एक दिवस उदगीरला बायको-पोरांकडे जातो म्हणून निघाले. वाटेने जाऊ नका असं काशीच्या मावशीने सांगितलं, रानातून जा. ते म्हणाले, रानात कुत्री असतात. वाटेनेच गेले.

ते उदगीरला पोचले की नाही, मला माहीत नाही. कुणी म्हणतं हैद्राबादेत दिसले. कुणी काही म्हणतच नाही. माझ्या नवऱ्याने पुढे दोनदा उदगीरच्या बाजारात चौकशी केली. काही कळालं नाही. जे माहीत नाही ते मी सांगत नाही.

शाळा बंद पडली ती महिनाभर बंदच होती. मग एका सकाळी मी पाण्याला निघाले तर शाळेपुढे पोरं उभी. पाट्या घेऊन. शाळा आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, नाही असंही सांगितलं नव्हतं. काशी आली. चावडीवरून एक म्हातारा ओरडला, “ए काशी, मास्तर न्हाईत. तू कामून आलीस?”

“पोरं आलीत की,” काशी म्हणाली.

तिने कडी काढली. दोन बायांनी आपली पोरं हाताला धरून घरी नेली. बाकीची आत गेली. काशीने आत धूळ झाडली. मास्तरांची खुर्ची मधोमध होती, ती उचलून भिंतीशी ठेवली. तिच्यावर बसली नाही. खाली पोरांसमोर बसली आणि पहिल्या पोराची पाटी हातात घेतली.

वाऱ्याने दार लागायला लागलं. तिने मान वर करून दाराशी उभ्या माझ्याकडे बघितलं.

“अक्का, दार उघडं राहू द्या. मास्तर आले तर त्यांना शाळा भरलेली दिसली पायजे.”

मी दाराला दगड लावून दिला आणि घागर उचलून विहिरीकडे गेले.