बाळंतिणीचं पाणी

इतवारीच्या वस्तीत त्या काळी मूल होण्याआधीच प्रयागबाईला सांगून ठेवावं लागे. बाळंतिणीचं तेल-मालिश, शेक, बाळाची आंघोळ, असा सव्वा महिना ती घरचीच होऊन जाई. पोट बांधण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नसे. तिचा कायदा एकच: दिवसाला दोन वाट्या पाणी, तेही बडीशेप घालून उकळलेलं. जास्त प्यायलं की पोट सुटतं. मे महिन्यात खिडक्यांना लावलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या शिंपूनही भिंती निवत नसत, तेव्हाही दोनच वाट्या. बाया रडायच्या, तिला शिव्या घालायच्या आणि बारशाला लुगडंही तिलाच नेसवायच्या.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात सुईणी आणि मालिशवाल्या बायांसाठी आठ दिवसांचे वर्ग भरले. प्रयागबाईही जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दुधाचा पेला पुढे ठेवला.

"दुधात बहुतेक भाग पाण्याचाच असतो, आईच्याही. बाळंतिणीला तहानेलं ठेवाल तर तिच्या अंगानं ते आणायचं कुठून? तहान लागेल तेवढं पाणी द्या, बाळाला घडीघडी अंगावर घ्यायला लावा. पोट पाण्यानं सुटत नाही. नऊ महिने ताणलेलं असतं, हळूहळूच आवळतं."

बाकीच्या बाया पदराआड हसल्या. प्रयागबाईला हसू आलं नाही. तिच्या मालिशीच्या घरांपैकी यमुताईंच्या लेकीला, जयाला, बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. बाळ सारखं किरकिरत होतं, दिवसात दोन-तीनच लंगोट भिजत होते. जयाची लघवी हळदीसारखी पिवळी. आणि सकाळीच तिच्या हातातला पाण्याचा पेला प्रयागबाईनं काढून घेतला होता. आता सांगावं तर वीस वर्षांचं नाव जाणार, न सांगावं तर लेकरू.

ती भर दुपारी, डोक्यावर ओला पदर घेऊन, यमुताईंच्या दारात उभी राहिली.

"यमुताई, हिले पाणी द्या. मागंल तेवढं."

"सकाळी तर तूच नाही म्हणून राहिली होती. ऊन लागलं का वं तुले?"

"मी चुकली."

तांदूळ निवडणारा यमुताईंचा हात थांबला. "जया झाली तवाही मेच होता, आन् मालिशीले तूच होती. मी नुसती माठाकडे पाहत राहायची. दूध आटलं तं सासू म्हणे, माह्या अंगातच खोट आहे. बकरीच्या दुधावर वाढवली हिले."

"तवा मले ठाऊक नव्हतं."

"आन् पोट? ते तं सुटलंच माहं."

जया फसकन हसली, अकरा दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं लागोपाठ दोन पेले पाणी प्यायलं आणि बाळाला जवळ ओढलं. चार-पाच दिवसांत दोरीवर दुपारपर्यंतच पाच-सहा लंगोट वाळू लागले.

प्रयागबाई तेव्हा ज्या ज्या घरी जात होती, त्या साऱ्या घरी हेच सांगून आली. दोन घरांनी त्याच आठवड्यात दुसरी बाई लावली. यमुताईंनी मात्र तिला सव्वा महिना येऊ दिलं, बोलल्या कमी. त्यांनी माफ केलं की नाही, हे विचारायची हिंमत प्रयागबाईला कधी झाली नाही.

पुढं दहा वर्षं ती मालिश करत राहिली. कुणाच्याही घरी गेली की तेलाच्या वाटीआधी ती पाणी मागायची, पेला बाळंतिणीच्या हातात द्यायची आणि विचारायची, "लेकराचे लंगोट किती भिजले वं काल?"