हिरामावशीची गाडी

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे उरलेले नटबोल्ट आणि दुसरी म्हणजे किस्से. नटबोल्ट आमचे रशीदचाचा डब्यात टाकतात. किस्से माझ्याकडे राहतात, कारण मी फारसं बोलत नाही, नुसतं ऐकतो.

नववीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी चाचांच्या गॅरेजमध्ये आहे. आता नऊ वर्षं झाली. पनवेलमध्ये कुणाला सेकंडहँड गाडी घ्यायची असली की रविवारी मला सोबत नेतात. मी बॉनेट उघडतो, खाली वाकून बघतो आणि हो की नाही ते सांगतो. यंदाचे सगळे रविवार मात्र हिरामावशीने घेतले.

* * *

हिरामावशी उरणकडची. तीस वर्षं पनवेलच्या मच्छी मार्केटात बसते. गावातल्या सगळ्या बायकांचा माल एका टेम्पोने यायचा. त्या टेम्पोवाल्याने मे महिन्यात टेम्पो विकला आणि तो गावी निघून गेला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की माल आणायचा कसा, हा प्रश्न होता. बाकीच्या बायकांनी उरणलाच बसायचं ठरवलं. मावशी ऐकेना.

मार्केटात सकाळी सातपर्यंत आपल्या जागेवर बसलं नाही तर शेजारीण पाय पसरते. आणि एकदा पसरलेला पाय कुणी परत घेत नाही. सासूने दिलेली जागा मावशीला सोडायची नव्हती. म्हणून घरची गाडी घ्यायची, आणि बंदी उठायच्या आत घ्यायची.

तिचा मुलगा नितेश पोर्टवर कामाला आहे. चालवणार तो. त्याने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं की आईला काहीही बोलू दे, आपण लेटेस्ट मॉडेल बघायचं, मोठा स्क्रीन आणि मागे कॅमेरावालं. तो गेल्यावर मावशीने मला बाजूला घेतलं. तिला जुनी आणि मजबूत गाडी हवी होती.

मी दोघांनाही हो म्हणालो. माझा स्वभावच तसा आहे.

* * *

पहिली गाडी नव्या पनवेलच्या एका डीलरकडे बघितली. तीन वर्षांची, पांढरी, नुसती चकचकीत. टायवाला सेल्समन मावशीला मॅडम म्हणत होता. नितेश स्टिअरिंगवर बसला तो उतरायलाच तयार नाही. मी इंजिन बघितलं, आवाज चांगला होता. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

मावशी मागच्या सीटवर जाऊन बसली. आत अत्तरासारखा काहीतरी सुगंध मारला होता. तिने नाक वर केलं, मग खाली वाकून सीटखालच्या कार्पेटमध्ये हात घातला. बोटं एकमेकांवर चोळली आणि नाकाशी नेली.

"ही बुडाली हाय," ती म्हणाली.

सेल्समन हसला. नितेश म्हणाला, "आई, प्लीज."

मी डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली. खाली कोपऱ्यात वाळलेला चिखल होता, अगदी खाडीच्या काठावर असतो तसा. म्हणजे कुठल्यातरी पुरात गाडी पाण्यात उभी होती. मशीनने तपासूनही आमच्या कंपनीला एवढं कळलं नाही, असं सेल्समन पुटपुटला.

मावशी पदर खोचत म्हणाली, "बाला, तीस वरसं म्हावरं इकतेय. शिलं झाकायला काय काय करतात ते मला नको शिकवू."

* * *

दुसऱ्या गाडीचा किस्सा सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

माझी अडचण अशी की मालकासमोर त्याच्या गाडीला नावं ठेवायला मला जमत नाही. माणूस समोर उभा असतो, चहा दिलेला असतो. म्हणून मी आणि मावशीने खूण ठरवली. गाडी चांगली असेल तर मी पाणी मागायचं. खराब असेल तर रुमालाने हात पुसायचे. मी हात पुसले की मावशीने काहीतरी कारण काढून उठायचं.

गाडी खांदा कॉलनीत होती, पाच वर्षांची. मालकीणबाई शिक्षिका होत्या. गाडी इतकी चांगली की मला शोधूनही खोट सापडेना. नितेशलाही पसंत, मावशीलाही डिकी पुरेशी वाटली. सगळे वर घरात जाऊन बसलो. मी पाणी मागणार तेवढ्यात बाईंनी गरम कांदाभजी आणली.

मी दोन भजी खाल्ली आणि रुमाल काढून हात पुसले.

मावशी ताडकन उठली. सून आजारी हाय म्हणाली आणि जिना उतरून थेट रस्त्यावर. नितेशचं लग्नच झालेलं नाही. बाई बघत राहिल्या. मी हातात रुमाल घेऊन तसाच उभा. मी खाली पोचेपर्यंत मावशीची रिक्षा सुटली होती. तिला खरं सांगून संध्याकाळी बाईंना फोन केला तर गाडी दुसऱ्याने घेतली होती.

नितेश माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मावशी बोलली. "आता खुना बंद. देवानं तोंड दिलंय ना तुला?"

बंदी उठायला तेव्हा दोन आठवडे राहिले होते.

* * *

तिसरी गाडी कामोठ्याच्या देसाईकाकांची. अकरा वर्षांची. मुलाने नवीन गाडी घेतली आणि सोसायटीत पार्किंग एकच, म्हणून ही विकायची होती. नितेश येतानाच कुरकुरत होता. अकरा वर्षं म्हणजे गाडी की म्हातारी, मित्रांना काय दाखवू, वगैरे. मीही सांगितलं होतं की चार वर्षांनी हिचं पासिंग पुन्हा करावं लागेल.

काकांनी कव्हर काढलं आणि आम्ही तिघंही जवळ सरकलो. एक ओरखडा नाही. मागच्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच.

"चपला बाहेर काढा, मग बसा," काका म्हणाले.

आम्ही काढल्या. नितेशने बूट घातले होते, त्याला दोन मिनिटं लागली. मी खाली झोपून सगळं तपासलं. मग काकांनी विचारलं की गाडी कशासाठी हवीय. फॅमिलीसाठी असं सांगायचं, हे नितेशने घरून निघतानाच सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. तो तसं म्हणालाही.

"खोटं कशाला बोलतो रं?" मावशी म्हणाली. "म्हावरं न्यायला पायजे. रोज."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच गाडीचं दार लावलं, हँडल रुमालाने पुसलं आणि आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाला शब्द दिलाय असं काहीतरी सांगू लागले. मावशीने चपला पायात सरकवल्या. ती निघालीच. मार्केटातली ती जागा माझ्या भज्यांमुळे जाणार होती.

मी बोललो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बोलणं असेल. "काका, ही गाडी उभी राहून खराब होतेय. टायर एका जागी बसलेत. ब्रेक धरायला लागलेत. आणखी दोन वर्षं कव्हरखाली राहिली तर इंजिनही जाईल. हिला रोज कुणीतरी पळवायला हवं. मावशीकडे ती रोज उरणहून पनवेलला पळेल."

काकांनी वाकून एक टायर दाबून बघितला. वरून गॅलरीतून काकू म्हणाल्या, "आणि पावसात बाहेर काढणार का, तेवढं विचारा त्यांना. आम्ही अकरा पावसाळे रिक्षाने काढले, गाडी भिजू नये म्हणून."

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग मावशीला विचारलं, "धुणार का रोज?"

"म्हावऱ्याचा पाट रोज धुते. गाडी धुवायला काय जड हाय?"

व्यवहार झाला. त्यानंतर काकांनी नितेशला दार कसं लावायचं ते शिकवलं. जवळजवळ अर्धा तास.

परत येताना नितेश म्हणाला, "नवीन गाडी घेतली असती तर कंपनीने पण एवढं शिकवलं नसतं."

* * *

गाडी मावशीच्या अंगणात गेली. देसाईकाका रोज संध्याकाळी मावशीला फोन करून गाडी कशी आहे ते विचारायचे.

बंदी उठली. पहिल्या होड्या आल्या त्याच सकाळी नितेशने मला पोर्टवरून फोन केला. रात्रपाळी संपली होती, पण बदलीचा माणूस न आल्यामुळे त्याला सोडत नव्हते. आई फोन उचलत नव्हती. मावशीला गाडी चालवता येत नाही. मी बाईक काढून सरळ मार्केट गाठलं, निदान जागा तरी धरू म्हणून.

सातला पाच मिनिटं कमी होती. मावशीची जागा रिकामी. शेजारणीची एक टोपली अर्धी त्या जागेवर आलेलीच होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. शेजारीण म्हणाली, "तू काय इकतोस?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. तोही एकदाच, हळू. आमची गाडी इंडिकेटर देत गर्दीतून आत आली.

स्टिअरिंगवर देसाईकाका होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. आदल्या संध्याकाळच्या फोनवर मावशीने नितेशच्या रात्रपाळीची काळजी बोलून दाखवली होती, आणि हे पहाटेच कामोठ्याहून निघून तिच्या दारात हजर झाले होते. मावशी मागच्या सीटवर दोन टोपल्यांच्या मध्ये अंग चोरून, अनवाणी बसली होती. चपला मांडीवर. पुढच्या सीटवर बर्फात सुरमईची मोठी टोपली, आणि त्या टोपलीला सीटबेल्ट लावलेला.

मावशी उतरली, शेजारणीची टोपली पायाने सरकवली आणि आपल्या जागेवर बसली. सात वाजायला एक मिनिट होतं.

काकांनी हँडब्रेक ओढला, वळसा घालून पलीकडे आले आणि सुरमईचा बेल्ट सोडवू लागले. मी विचारलं, "काका, टोपलीला बेल्ट?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू एवढी वर्षं गॅरेजमध्ये काढूनही मी काहीच शिकलो नाही.

"पुढे जो बसेल, त्याने लावायचा असतो."