पायाळूला हुडकणारी वीज

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी माझे पाय आले, डोकं मागून. पायाळू माणसाला वीज हुडकत येते, असं आमच्या सोलापूरकडं सगळेच मानायचे. म्हणून आईनं लग्नात ही गोष्ट झाकून ठेवली आणि मलाही दटावलं, की जीभ आवर. पण सासरी मला करमेना. नणंद माझ्याच वयाची, नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी आलेली. आम्ही एका ताटात जेवायचो. एकदा तिच्या पाठीत उसण भरली. पायाळूचा पाय लागला की उसण जाते, म्हणून मी दार लोटून तिच्या पाठीवर पाय फिरवला आणि सगळं सांगून बसले.

"वैनी, मेले तरी बोलायची न्हाय," ती म्हणाली. माझा जळला मेला भाबडा स्वभाव, मी विश्वास ठेवला.

चैत्र सरता सरता आम्ही दोघी शेजारच्या बायकांबरोबर सरकारी कुरणाच्या कडेला शेण वेचायला गेलो होतो. गवत वाळून नुसती कुसळं उरली होती. दुपार कलली तसं करकंबच्या अंगानं आभाळ काळं झालं. पाण्याचा थेंब नाही, नुसता वारा आणि विजा. आम्ही राखणदाराच्या रिकाम्या खोपीत शिरलो. एक वीज अशी कडाडली की सगळ्या एकमेकींना बिलगल्या. तेवढ्यात नणंद म्हणाली, "वैनीला भाईर काढा. ती पायाळू हाय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती माझ्याकडं बघेना. बायकांनी मला दंडाला धरून बाहेर ढकललं आणि ताटी लावून घेतली.

मी तिथंच रडत बसले. वीज पडली, पण माझ्यावर नाही. पार लांब टेकाच्या माथ्यावर, वठलेल्या बाभळीवर पडली. बाभूळ उभी पेटली, ठिणग्या गवतात पडल्या आणि वाऱ्यानं जाळ थेट खोपीकडं आणला. चार सरी आल्या असत्या तर तिथंच विझला असता. मी ताटीवर धडका मारल्या. आतून नणंदच ओरडली, "तिला आत घिऊ नगा."

मरा मग, असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण हात थांबले नाहीत. ताटी उपसली, हाताला लागेल तिला ओढलं. नणंदेला तर झिंज्या धरून काढलं. नांगरलेल्या रानात पोचलो आणि मागं खोप पेटली.

गावात बातमी आमच्याआधी गेली होती, की पायाळूनं वीज आणली आणि कुरण जाळलं. सासूबाई दार अडवून उभ्या होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी लेकीला विचारलं, "खरं सांग. ईज कुटं पडली?"

खोपीतून पळताना टेकावरची पेटती बाभूळ तिनं डोळ्यांनी बघितली होती. माझं नांदणं आता तिच्या एका शब्दावर होतं.

"हिच्यापशीच पडली, आई," ती म्हणाली. "आमी पळालो म्हणून वाचलो."

बाकीच्या बायका खाली मान घालून आपापल्या घरी गेल्या. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दारात कळलं. सासूबाईंनी माझ्या लुगड्यांचं गाठोडं बांधायला लावलं, आणि ते आणून माझ्या हातात दिलं तेही नणंदेनंच.

"रागावू नगं, वैनी," ती हळूच म्हणाली. "मला बी हितंच ऱ्हायाचं हाय की."