बाळाबाईच्या जात्यावरचं शास्त्र

बाळाबाई माझी चुलती. तिचं नाव काढलं की नातवंडं विचारतात, "आजोबा, ती किती शिकलेली?" आता काय सांगावं? अक्षराची न् तिची ओळख नव्हती. पण शास्त्र तिला रोज लागायचं, भाकरीसारखं. आणि यायचंही भाकरीच्याच वाटेनं. सांगतो.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. पिरंगुटजवळच्या भरे गावात आम्ही मोजकीच ख्रिस्ती घरं. देऊळ म्हणजे एक कौलारू खोली, वर लाकडी क्रूस. पाळकसाहेब महिन्यातून एकदा पुण्याहून येत. एरवी उपासना चालवायचे मंडळीचे वडील जयसिंग. वडील म्हणजे आमच्यातले पंचच समजा. त्यांचा आवाज असा, की ते 'आमेन' म्हणाले की बाहेर बांधलेलं वासरू दावं तोडायला बघायचं.

काकीचे यजमान भिवाजीकाका मिशनच्या शाळेत वाचायला शिकलेले. जेवणं झाली की कंदिलाशी बसून ते शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे आणि काकी भांडी घासता घासता ऐकायची. पहाटे तोच उतारा तिच्या जात्यावर! नाचणीचा घास टाकायचा, खुंटा फिरवायचा, की उताऱ्याच्या ओव्या होऊन बाहेर पडायच्या. एखादी गोष्ट पटली नाही तर मात्र जातं जागच्या जागी थांबायचं.

"अवो, ऐकलं का? ह्यो कसला शेतकरी?" एकदा तिनं आतून विचारलं. आदल्या दिवशी काकांनी पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधाची गोष्ट, वाचला होता. "वाटंवर बियाणं टाकतोय, खडकावर टाकतोय, काट्यात टाकतोय. आपण पालापाचोळा जाळून राब भाजतो, माती मऊ करतो, मग भात पेरतो. ह्याला कुणी शिकिवलं न्हाई व्हय?"

"अगं, दाखला हाय त्यो," काका पांघरुणातून म्हणाले.

"दाखला असला म्हणून बियाणं वाया घालवायचं?"

पुढं कितीतरी दिवस काकीच्या घरी त्याच दाखल्याचं दळण चाललं. शेवटी एका पहाटे तिचं तिलाच उत्तर सापडलं. पाळकसाहेब नेमके त्या दिवशी काकांकडे मुक्कामाला. पडवीत पडल्या पडल्या त्यांनी सगळं ऐकलं आणि चहा पिताना म्हणाले, "बाळाबाई, यंदा हंगामाच्या सणाला हा दाखला तुम्हीच सांगा."

हंगामाच्या सणाला सगळ्यांनी नव्या भाताच्या लोंब्या घेऊन देवळात जायचं. एकानं पुस्तक हातात न घेता एक उतारा म्हणायचा आणि त्यावरचं आपलं मनन सांगायचं, अशी आमची रीत. आजवर तो मान पुरुषांचा. जयसिंगवडील बोललेच, "सांगू द्या की. पर मधीच अडकली, तर पुन्यांदा बायांचं नाव काढायचं न्हाई, सायेब."

"अडकाया मी काय चिखलातली गाडी हाय?" काकी म्हणाली.

बोलली खरी, पण आता ही गोष्ट तिच्या एकटीची उरली नव्हती. ती अडकली, तर तिच्यामागं साऱ्या बाया अडकणार होत्या.

इथं तिच्या लेकानं, आमच्या याकोबानं, माया केली न् घोटाळा झाला. आईला पाठ करायला सवड मिळावी म्हणून तो दळण पिरंगुटला गनीभाईंच्या इंजिनाच्या गिरणीत न्यायला लागला. गनीभाई तर आणखी पुढचे. म्हणाले, "आईला म्हणावं, निवांत बसून देवाचं नाव घे. आन् जातं काढायचं असंल तर मला दे. गिरणीला पायरी करतो."

काकी पहाटे भिंतीला टेकून बसायची. हात मांडीवर रिकामे. काका वाचायचे, ती ऐकायची, उठली की सारं गेलं.

"डोस्क्याची चाळण झालीया," ती म्हणाली.

"सायबांना निरोप धाडू का? न्हाई जमत म्हणून?" काकांनी विचारलं.

"शब्द दिलाय मी. देव बोलावतोय, तर म्हणायचं बी त्योच दील."

सणाच्या रविवारी देऊळ भरलं. काकी नवं लुगडं नेसून पुढं उभी राहिली. "एक पेरणारा..." म्हणाली आणि थांबली. पुढचं काही येईना. बाया श्वास धरून बसल्या. जयसिंगवडील पुस्तक काढून अर्धे उठलेसुद्धा.

तेवढ्यात काकीचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडं गेलं. पदराआडून तो हात आपला गोल गोल फिरत होता.

"अगं बया!" ती मोठ्यानं म्हणाली. "जातं ऱ्हायलं की!"

देवळात खसखस पिकली. काकीनं पदर खोचला, एक पाय लांब सोडून सरळ जमिनीवर बसली आणि नसलेला खुंटा मुठीत धरला.

"आता देवळात दळण घालती का काय?" जयसिंगवडील म्हणाले.

"व्हय. तुमी भाकरीला बसा."

आणि सुरू झाली:

"पेरणारा गं निघाला, मुठीत बियाणं,
वाटंवर पडलं, पाखराला झालं खाणं..."

ओवीमागून ओवी, खडक, काटे, चांगली माती, सगळा दाखला न अडखळता. मग हात थांबवून म्हणाली, "मला वाटायचं, पेरणारा येडा हाय. मग कळलं. आपण मूठ आवळून पेरतो, कारण आपलं बियाणं थोडं. त्याचं थोडं न्हाई, म्हणून त्याची मूठ सैल. खडक दिसला तरी टाकतोय, आज न्हाई तर उद्या माती व्हईल म्हणून. मी त्यातलीच. मला वाचता येईना, तरी माझ्याकडं टाकायचं त्यानं सोडलं न्हाई."

मग जयसिंगवडलांचा 'आमेन' झाला आणि बाहेर वासरानं दाव्याला असा हिसका दिला की काही विचारू नका. वडील तसेच उभ्या उभ्या मागं बसलेल्या बायांकडं वळले आणि एकीला म्हणाले, "फुलाबाई, पुढल्या सणाला तू सांगशील का गं? बसून सांगितलंस तरी चालंल."

दळण पुढंही गिरणीतच जायचं, पण सूपभर नाचणी काकी मागं ठेवून घ्यायची. गनीभाईंनी एकदा याकोबाला पुन्हा त्या पायरीची आठवण करून दिली.

"त्ये न्हाई मिळायचं, चाचा," याकोब म्हणाला. "आमची आई त्याच्यावर वाचती."