अकराच्या रेघा

मामा गेल्याचा फोन मामीने सकाळी केला, तेव्हा मी मलकापुरात एका बारशाचे फोटो काढत होते. काम पुरं करूनच निघाले. अर्धवट सोडून गेलेलं त्यांना चाललं नसतं.

कराडच्या त्यांच्या स्टुडिओत मी वीस वर्षं काम केलं. कॅमेरा डिजिटल आला तरी लेन्स जुनीच, हाताने फिरवायची. तिच्या रिंगवर अंतराचे आकडे आणि खाली जोडीजोडीने रेघा. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, अकरावर ठेवलं, की अकराच्या दोन रेघांमध्ये येणाऱ्या अंतरातलं सगळं स्पष्ट. डोळे अधू झाल्यावर मामांचा भरवसा या रेघांवरच होता. पावलांनी अंतर मोजायचे आणि रिंग फिरवायचे. डोळ्यांचं गिऱ्हाइकाला कळलं तर काम जाईल, ही मोठी धास्ती.

एकदा वाईजवळ एका जवानाच्या घरी चार पिढ्यांचा फोटो काढायचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी संपत होती. त्याची आजी पुढे खुर्चीत, तो लेकराला घेऊन सगळ्यात मागे. अकराच्या रेघांत दोघंही बसत होते. तेवढ्यात ढग आला... मामांनी उजेडासाठी अ‍ॅपर्चर मोठं करून पाच पॉइंट सहावर आणलं. मग रेघाही त्याच्याच बघायला हव्यात, त्या बऱ्याच जवळजवळ असतात. ते विसरले. मला दिसलं, पण चारचौघांत त्यांना कसं टोकायचं म्हणून मी गप्प बसले.

संगणकावर मधली रांग लख्ख, आजी आणि जवान धूसर.

"तुला दिसलं होतं?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग मिठाची गुळणी धरली होतीस?"

दुसऱ्या दिवशी जवान निघायच्या आत आम्ही परत त्यांच्या दारात. मामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला नीट दिसत नाही. कालचा फोटो बिघडला, चूक माझी."

आजी म्हणाल्या, "आवं, मग कालच सांगायचं न्हाई व्हय? आज जुनंच लुगडं नेसलंय की मी!"

"आजीलाबी कुठं दिसतंय, काका," जवान हसला. "जोडी जमली तुमची."

मामांनी लेन्स माझ्यापुढे धरली. "वाच."

"अकराच्या रेघा. दोन मीटर ते पाच."

"बरोबर."

पुढे प्रत्येक कामाला असंच चाललं, मी वाचायचं आणि त्यांनी 'बरोबर' म्हणायचं, गिऱ्हाइकाच्या देखत. काम काही गेलं नाही. आता लेन्स माझ्याकडे आहे. बटण दाबण्याआधी मी आकडे मोठ्याने वाचते आणि क्षणभर थांबते... समोरचे विचारतात, कोणाशी बोलताय? सवय आहे, म्हणते, आणि फोटो काढते.